दोन दरबारांच्या नायिका



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काहींना कौतुक वाटेल, काहींना शंका येईल. चित्रकथांतल्या अद्भुत पराक्रमी नायिका, त्याही परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या दोन प्रकाशनसंस्थांच्या. त्या एकत्र आल्या तर काय होईल, हा प्रश्न उन्हाळ्याच्या सुटीत ओटीवर लोळणाऱ्या मुलांनी सोडवावा, त्यासाठी व्याख्यानमालेची एक संध्याकाळ कशाला खर्ची घालावी, असे कुणी म्हणेल. पण मुलांचे प्रश्न कधी कधी आपल्या गैरसोयीचे असतात, म्हणूनच आपण ते मुलांवर सोडून देतो. दोन वेगळ्या कथांतल्या, दोन वेगळ्या पक्षांच्या, एरवी एकमेकींचे तोंडही न पाहणाऱ्या पराक्रमी स्त्रिया एका कामाला लागल्या तर काय घडेल, हा तसाच एक प्रश्न आहे. त्याचा धागा धरून आपण अमेरिकेतून निघू आणि आपल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत येऊ.

प्रथम 'कथाविश्व' म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतल्या चित्रकथांच्या धंद्यात डीसी आणि मार्व्हल या दोन मोठ्या पेढ्या आहेत. एका पेढीची सारी पात्रे एकाच जगात नांदतात, एकमेकांच्या गोष्टींत डोकावतात, संकटकाळी धावून येतात. दुसऱ्या पेढीची पात्रे मात्र त्यांच्या लेखी जन्मालाच आलेली नसतात. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन डीसीच्या घरचे. स्पायडरमॅन आणि 'एक्स-मेन' म्हणून ओळखली जाणारी मंडळी मार्व्हलच्या घरची. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळ्यांची आठवण असणाऱ्यांना ही व्यवस्था चटकन उमगेल. प्रत्येक मंडळीची नाटके वेगळी, पडदे वेगळे, नट वेगळे. आणि प्रेक्षकांचे पक्षही वेगळे.

या दोन घरांतल्या दोन नायिका उदाहरणादाखल घेऊ. वंडर वुमन १९४१ च्या अखेरीस प्रथम छापली गेली. तिचा जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ होता. माणूस खोटे बोलू लागला की त्याच्या रक्तदाबात फरक पडतो, या कल्पनेवर त्याने प्रयोग केले होते. तेव्हा त्याच्या नायिकेच्या हाती तलवारीपेक्षा दोरीचा फास अधिक महत्त्वाचा असावा, आणि त्या फासात सापडलेल्याला खरे बोलावेच लागावे, यात नवल नाही. ही नायिका पुरुषांपासून दूर, बेटावर राहणाऱ्या स्त्रियांची राजकन्या. दुसरी स्टॉर्म. ती १९७५ साली मार्व्हलच्या चित्रकथांत आली. आई आफ्रिकेतल्या केनियाच्या राजकुळातली, वडील अमेरिकन छायाचित्रकार. आईबाप गेल्यावर कैरोच्या रस्त्यांवर वाढलेली ही मुलगी पुढे वारा, पाऊस आणि वीज यांना हुकूम करू लागते. मोठ्या प्रकाशनसंस्थांच्या नायिकांत कृष्णवर्णीय स्त्रीला मानाचे पान मिळाले, ते प्रथम जिच्यामुळे मिळाले अशांत तिची गणना होते.

आता या दोघींची गाठ कशी पडावी? पहिली अडचण मालकीची. पात्रे कागदावरची असली तरी त्यांचे हक्क कागदावरच पक्के बांधलेले असतात. १९७६ साली दोन्ही पेढ्यांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांना एका पुस्तकात आणले, तेव्हा वाचकांनी ते डोक्यावर घेतले. पण त्या पुस्तकातल्या स्त्रिया आठवा. एकीकडची लोइस लेन, दुसरीकडची मेरी जेन. दोघींची भेट होते खरी, पण त्यांच्या वाट्याला काय येते, तर खलनायकांनी पळवून नेणे आणि नायकांनी सोडवून आणणे! पुढे दोन्ही घरांच्या वीरमंडळांना एकत्र आणायचे ठरले. १९८३ च्या सुमारास काही पाने चितारूनही झाली. मग संपादकांत मतभेद झाले, आणि ते पुस्तक वाचकांच्या हाती पडायला २००३ साल उजाडले. जगाचा संहार थांबवायला हे वीर एका रात्रीत एकत्र येतात. त्यांच्या मालकांना मात्र वीस वर्षे लागली.

मधल्या काळात, १९९६ साली, आपल्या दोन नायिका समोरासमोर आल्या. दोन्ही कथाविश्वांची टक्कर होते आणि प्रत्येक बाजूच्या वीरांनी दुसऱ्या बाजूच्या वीरांशी झुंजावे, अशी कल्पना होती. अकरा सामने योजले होते. त्यांपैकी पाचांचा निकाल वाचकांनी मते पाठवून ठरवायचा होता, आणि वंडर वुमन विरुद्ध स्टॉर्म हा त्या पाचांतला एक. मते मोजली गेली, स्टॉर्म विजयी ठरली. टाळ्या झाल्या. पण जरा थांबून विचारावे, की या लढतीतून वाचकाला काय मिळाले? स्टॉर्मचे चाहते अधिक होते, एवढी एक माहिती. दोघींविषयी नवे असे काहीच कळले नाही.

नाही म्हणायला त्या पुस्तकात एक क्षण फार सुंदर आहे, आणि तो लढाईच्या आधीचा आहे. मार्व्हलच्या थॉर या देवाचा हातोडा वाटेत वंडर वुमनच्या हाती लागतो. तो हातोडा लायक माणसावाचून कुणाला उचलत नाही. तिला तो सहज उचलतो. त्याच्या बळावर ती स्टॉर्मला सहज नमवू शकली असती. पण असे बळ वापरून प्रतिस्पर्ध्याशी लढणे न्यायाचे नाही, असे ठरवून ती तो बाजूला ठेवते, आणि हरते. मतपत्रिकांनी ठरविलेल्या त्या निकालापेक्षा हातोडा खाली ठेवणारा तो हात वाचकांच्या अधिक लक्षात राहिला. त्याच वर्षी दोन्ही पेढ्यांनी आणखी एक गंमत केली. दोन्ही घरांची पात्रे एकजीव करून नवी पात्रे बनविली. वंडर वुमन आणि स्टॉर्म यांची मिळून एकच 'अ‍ॅमेझॉन' नावाची नायिका झाली. हाही प्रयोग कल्पक होता. पण दोघींची एक केली म्हणजे भेट होत नाही. भेटीला दोघी लागतात.

तेव्हा चित्रकथांच्या अनुभवावरून आपल्याला दोन वाटा टाळता येतील. एक झुंज लावण्याची, दुसरी वितळवून एक करण्याची. पहिलीत एक नायिका लहान होते, दुसरीत दोघी नाहीशा होतात. मग तिसरी वाट कोणती? ती शोधायला अमेरिकेत राहण्याचे कारण नाही. मराठी रंगभूमीने ती १९२१ सालीच दाखविली आहे.

त्या काळी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन संस्था म्हणजे प्रतिस्पर्धी दरबारच. एकीकडे बालगंधर्व, दुसरीकडे केशवराव भोसले. कोणाचे गाणे श्रेष्ठ, यावर मित्रामित्रांत अबोला धरला जाई. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी या दोघांनी मिळून खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव धैर्यधर. 'संयुक्त मानापमान' म्हणून तो प्रयोग आजही सांगितला जातो. प्रेक्षागृहात आलेल्यांपैकी पुष्कळजण कोण कोणाला मागे टाकतो हे पाहायला आले असतील. पण रंगमंचावर प्रत्येकाने आपापली भूमिका केली, आपापले गाणे गाइले, आणि दुसऱ्याच्या पदाला आपल्या पदाची जागा घेऊ दिली नाही, तशी हिरावूनही घेतली नाही. पुढच्या तीनच महिन्यांत केशवराव निवर्तले, त्यामुळे त्या रात्रीला आठवणीत वेगळेच मोल आले.

या प्रयोगाचे मर्म काय? दोघांच्याही मंडळीपेक्षा मोठे असे एक काम समोर होते. दोघांना वेगवेगळ्या भूमिका होत्या. आणि कुणालाही आपला बाज सोडावा लागला नाही. एवढ्या तीन गोष्टी जमल्या म्हणजे दोन दरबारांची भेट सार्थ होते. या तीन कसोट्या लक्षात ठेवून आता नायिकांकडे वळू.

आपल्या परंपरेत हा खेळ फार जुना आहे. सकाळी उठून पंचकन्यांचे स्मरण करण्याचा प्रघात घराघरांत होता. अहल्या, द्रौपदी, सीता, तारा, मंदोदरी ही ती नावे. काही पाठांत सीतेच्या जागी कुंती येते. या पाचजणी कोठल्या कोठल्या ते पाहा. द्रौपदी महाभारतातली, बाकीच्या रामायणातल्या. दोघींच्या कथांमध्ये एक युग लोटलेले. त्यातही सीता एका पक्षाची, मंदोदरी शत्रूच्या पट्टराणीच्या पदावरची, आणि तारा तर ज्या वालीला रामाने मारले त्याची पत्नी. कोणत्याही एका महाकाव्यात या पाचजणी एका पंक्तीला बसल्या नसत्या. स्मरण करणाऱ्याने त्यांना बसविले, आणि त्यांच्यात पहिली कोण, दुसरी कोण, असा निवाडा केला नाही. पाचजणींच्या वाट्याला जे दुःख आणि जो दोष लोकांनी लावला, त्या धाग्याने त्या एकत्र गुंफल्या गेल्या.

महाकाव्याच्या पोटातही शत्रुपक्षाची मैत्रीण आढळते. अशोकवनात सीता एकटी होती असे आपण म्हणतो. पण तिला धीर देणारी त्रिजटा राक्षसीच होती. रावणाने रामाचे मायावी मस्तक दाखविले, तेव्हा ती केवळ माया आहे हे सांगून सीतेला सावरणारी सरमाही लंकेचीच. त्यांनी युद्ध केले नाही, सीतेला पळवूनही नेले नाही. सत्य आणि धीर या दोन गोष्टी त्यांनी वैऱ्याच्या कुंपणाच्या आत पोचविल्या. सीतेच्या पक्षातल्या एकाही वीराला ते काम त्या घटकेला करता आले नसते.

आणि ज्या बायांनी ही महाकाव्ये पोथीतून वाचली नाहीत, त्यांनी तर ही कुंपणे पारच मोडून टाकली. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवीत सीतेचा वनवास गाते, आणि तेच दळण संपण्याआधी कृष्णाच्या बोटाला पदर फाडून चिंधी बांधणाऱ्या द्रौपदीलाही गाते. तिला दोघी माहेरच्याच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळताना जाणवते, की दळणारीला 'सीता मोठी की द्रौपदी मोठी' हा प्रश्न सुचतच नाही. आपल्या सासुरवासात कोणती कोणत्या वेळी उपयोगी पडेल, हे तिला पक्के ठाऊक असते.

इतके झाल्यावर आता कसोटीचे उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या जिल्ह्यातले घेऊ. मराठ्यांच्या इतिहासात दोन गाद्या झाल्या: साताऱ्याची आणि कोल्हापूरची. एका गादीच्या मुळाशी येसूबाई, दुसरीच्या मुळाशी ताराबाई. नात्याने दोघी जावा. एक संभाजीमहाराजांची राणी, दुसरी राजाराममहाराजांची. जावाजावांतला दावा हा आपल्या घराघरांतला जुना विषय आहे, आणि इथे तर त्यात राज्य होते. त्यामुळे आपण या दोघींच्या कथा दोन वेगळ्या दालनांत ठेवल्या आहेत. येसूबाईंची कथा त्यागाची, ताराबाईंची पराक्रमाची. जणू एकीच्या जगात दुसरी जन्मलीच नव्हती.

पण तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. ११ मार्च १६८९ रोजी संभाजीमहाराजांचा वध झाला. रायगडाला मोगलांचा वेढा पडला. सारे राजकुटुंब एकाच गडावर सापडले तर राज्य संपेल, हे ओळखून येसूबाईंनी राजारामांना बाहेर पडण्याचा सल्ला दिला आणि स्वतः लहानग्या शाहूंसह मागे राहिल्या. एप्रिलमध्ये राजाराम निसटले, पुढे जिंजीला गेले. नोव्हेंबरात रायगड पडला, मायलेकरे कैद झाली. मार्च १७०० मध्ये राजाराम सिंहगडावर वारले. त्या वेळी पंचविशीतल्या ताराबाईंनी आपल्या मुलाला गादीवर बसवून लढा हाती घेतला, आणि १७०७ साली औरंगजेब मरेपर्यंत तो थांबू दिला नाही.

आता विचार करा. येसूबाई रायगडावर मागे राहिल्या नसत्या, तर राजाराम निसटते ना, आणि ताराबाईंना चालवायला राज्यही उरले नसते. ताराबाईंनी ती सात वर्षे बादशहाला एका गडावरून दुसऱ्या गडावर फिरविले नसते, तर शाहूंना सुटून परत यायला जागा उरली नसती. एक छावणीच्या आत राहून वारस जपत होती, दुसरी बाहेरून त्या छावणीला थकवीत होती. दोघींत खलित्यांची देवघेव झाल्याचे आपण शिकत नाही. पण दोघींनी मिळून एकच काम केले. वरच्या तीन कसोट्यांना याहून चांगले उत्तर कोणते मिळावे? छावणीच्या आत येसूबाईंना एक त्रिजटाही भेटली होती. खुद्द औरंगजेबाची मुलगी झीनतउन्निसा हिने त्या मायलेकरांना ममतेने वागविले.

मग वैर कोठून आले? १७०७ साली मोगलांनी शाहूंना सोडले. मराठ्यांत दुही माजावी हा त्यातला हेतू होता. आणि शाहू हाताबाहेर जाऊ नयेत म्हणून येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतले. ताराबाईंनी शाहूंना तोतया ठरविले. ऑक्टोबरात खेडजवळ दोन्ही पक्षांची लढाई झाली, शाहूंचा जय झाला, आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांना राज्याभिषेक झाला. येसूबाई परत आल्या त्या १७१९ साली, जवळजवळ तीस वर्षांच्या कैदेनंतर. म्हणजे जेव्हा दोन जावांनी समोरासमोर बसण्याची खरी गरज होती, नेमकी तेव्हा त्यांतली एक परक्यांच्या ताब्यात होती.

इतिहास इथपर्यंत. आता कल्पनेचा अंमल सुरू होतो, आणि तो कोठून सुरू झाला हे सांगणे कथाकाराचे कर्तव्य आहे. समजा, १७०७ साली येसूबाईही सुटल्या. समजा, खेडच्या लढाईपूर्वी दोघींची भेट ठरली. कोठे ठरवावी? साताऱ्यास नको, पन्हाळ्यास नको. मी ती आपल्या कुलाबा किल्ल्यात ठरवीन. कान्होजी आंग्रे त्या वेळी ताराबाईंच्या पक्षाचे सरखेल; पण पुढे १७१३ साली त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले, आणि मग बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहूंच्या पक्षास मिळाले. दोन्ही दरबार ज्याला दुखवू शकत नव्हते, असा हा एक माणूस. आणि किल्लाही असा, की भरतीला तो बेट असतो आणि ओहोटीला पायी चालत जाता येते. पालख्या ओहोटीला आत जातील. पाणी चढू लागले की बाहेरच्या कारभाऱ्यांना आत येता येणार नाही. पुढची ओहोटी लागेपर्यंत दोघींना बोलण्यावाचून गत्यंतर नाही. कथाकाराला याहून सोयीचे स्थळ कोणते मिळणार?

आत काय बोलणे व्हावे? इथे दुबळा लेखक दोघींना गळ्यात गळा घालून रडायला लावील आणि ओहोटीपूर्वीच तंटा मिटवील. तसे होता कामा नये. ताराबाई म्हणतील, की थोरल्या बाजूचे राज्य गेले होते. आम्ही ते पुन्हा लढून उभे केले, तेव्हा ते आमच्या मुलाचे. या बोलण्यात जोर आहे. येसूबाई म्हणतील, की ते लढता यावे म्हणून मी दार उघडून दिले आणि स्वतः आत कोंडून घेतले. तो सौदा माझ्या मुलाचा हक्क सोडण्याचा नव्हता. यातही जोर आहे. लेखकाने दोन्ही बाजू तितक्याच सच्चेपणाने लिहिल्या पाहिजेत. सातारकर वाचकाला ताराबाईंचे आणि कोल्हापूरकर वाचकाला येसूबाईंचे म्हणणे घटकाभर पटले पाहिजे.

मग हळूहळू ज्ञानाची देवघेव सुरू व्हावी. अठरा वर्षे छावणीत राहिलेल्या येसूबाईंना बादशाही सरदारांची आपसांतली भांडणे ठाऊक आहेत. कोण कोणावर जळतो, कोणाचा पगार थकला आहे. ताराबाईंना कोणत्या गडावर किती दाणा आहे आणि कोणता सरदार कोणत्या शब्दाने वळतो हे ठाऊक आहे. एकीला शत्रूचे घर माहीत, दुसरीला आपले. दोन्ही माहित्या शेजारी ठेवल्या की दोघींना एकदम उमगावे, की आपल्या मुलांना एकमेकांवर सोडण्याचा डाव तिसऱ्याच कोणी तरी मांडला आहे. त्या उमजेत या भेटीचे सार आहे. गादीचा निवाडा त्या दिवशी झाला नाही तरी चालेल. खुद्द इतिहासाने तो निवाडा वारणेच्या तहाने केला, १७३१ साली. म्हणजे चोवीस वर्षांनी, आणि मधल्या काळात किती घरे उद्ध्वस्त झाल्यावर! आपल्या कल्पित कथेने एवढेच दाखवावे, की त्या चोवीस वर्षांतली काही वाचविता आली असती.

कुणी म्हणेल, ही सारी कविकल्पना. प्रत्यक्षात विरुद्ध पक्षांच्या स्त्रिया कधी एकत्र येतात काय? आल्या होत्या. याच ताराबाई, वयाच्या पंचाहत्तरीला. शाहू १७४९ च्या डिसेंबरात वारले. ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा गादीवर बसला, पण सत्ता पेशव्यांकडे चालली. तेव्हा त्यांनी हात पुढे केला तो उमाबाई दाभाड्यांकडे. दाभाडे शाहूंचे सेनापती, म्हणजे मूळचे विरुद्ध दरबारचे. परंतु उमाबाईंचा मुलगा त्रिंबकराव १७३१ साली डभईच्या लढाईत बाजीरावांच्या फौजेशी लढताना पडला होता, आणि गुजरातच्या महसुलाचा तंटा धुमसत होता. नोव्हेंबर १७५० मध्ये ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत ठेवले. उमाबाईंच्या वतीने दमाजी गायकवाड फौज घेऊन आले. दोन वृद्ध विधवांनी नानासाहेब पेशव्यांची काही काळ झोप उडविली.

पण १७५१ मध्ये दमाजी पकडले गेले, दाभाडे कैदेत पडले, आणि पुढच्या वर्षी जेजुरीस ताराबाईंनी समेट करताना रामराजा आपला नातू नसल्याचे सांगून टाकले. हा संयोग का फसला? माझ्या मते दोघींचा शत्रू एक होता, पण काम एक नव्हते. एकीला छत्रपतींची सत्ता हवी होती, दुसरीला गुजरातचे हक्क. शत्रू हरला असता तरी दुसऱ्या दिवशी त्या दोघी कोठे निघाल्या असत्या, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. चित्रकथांच्या लेखकांनीही हे पाहण्यासारखे आहे. एक मोठा राक्षस आणला की दोन घरांचे वीर त्याच्यावर तुटून पडतात. पण राक्षस मेल्यावर बोलण्यासारखे त्यांच्यापाशी काही उरत नसेल, तर ती भेट छापण्यापुरतीच झाली.

आता शेवटचा मुद्दा, आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतल्या पेढ्या आपल्या नायिकांवर मालकी सांगतात, कारण तो त्यांचा धंदा आहे. आपण मालकी कोणत्या नात्याने सांगतो? ही आमच्या गादीची, ती तुमच्या गावची. ही आमच्या जातीची, ती त्यांच्या पक्षाची. जयंत्या वेगळ्या, मिरवणुका वेगळ्या, पुतळे वेगळ्या चौकांत. दुसरीचे नाव घेतले तर आपलीचे तेज कमी होईल अशी भीती. यात आपण आपल्या नायिकांना मोठे करीत नाही, एकटे करतो. त्याचा परिणाम कोणावर होतो? वर्गात बसलेल्या मुलीवर. तिच्या पुस्तकात प्रत्येक थोर स्त्री एका धड्यात एकटीच उभी असते. ती नकळत शिकते, की थोर व्हायचे असेल तर इतर बायकांपासून दूर व्हावे लागते, आणि दोन कर्तबगार बायका एका जागी आल्या तर भांडणारच. पुढे मोठेपणी बचतगटात, शाळेच्या समितीत, ग्रामपंचायतीत जेव्हा तिला आपल्याहून वेगळ्या आळीतल्या, वेगळ्या पक्षातल्या बाईबरोबर बसून काम करायचे असते, तेव्हा तिच्या आठवणीत एकही नमुना नसतो.

म्हणून या सुटीत घरातली मुले जर भांडू लागली, की स्टॉर्म जिंकेल की वंडर वुमन, तर त्यांना गप्प बसवू नका. प्रश्न तेवढा बदलून द्या. त्यांना विचारा: यांपैकी एकटीला जमणार नाही, पण दोघींना जमेल, असे कोणते काम आहे? मुले अवघड कामे सुचवतील. कुणी म्हणेल, एकीच्या फासाने पुढाऱ्याला खरे बोलायला लावावे आणि दुसरीने तोवर दुष्काळात पाऊस पाडावा! मुले हसतील, हसू द्या. मग त्यांना येसूबाई आणि ताराबाई यांच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहायला लावा. आणि जमले तर ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यात घेऊन जा. पाणी चढायच्या आत परत यावे लागते, हे तेथे कुणी सांगावे लागत नाही. तेवढ्या वेळात काय काय बोलून घेतले पाहिजे, याचा अंदाज मुलांना आपोआप येईल.